तोटा खाचरात नाही

भोर-वेल्ह्याच्या डोंगरी गावांबद्दल एक मत हल्ली इतक्या सहज मांडले जाते की त्याचा पुरावा मागायचे कोणाच्या मनातही येत नाही. आंबवडे, कारी, रायरेश्वराच्या पायथ्याच्या वाड्या. घरटी एक-दीड एकर, तीही पाच-सहा खाचरांत विखुरलेली. ट्रॅक्टर वळत नाही, पावसाळा सरला की पाणी नाही, पोरे पुण्याला नाहीतर शिरवळच्या कारखान्यांत. म्हणून ही शेती संपली असे समजावे, जमीन विकून मोकळे व्हावे. विकायची नसेलच तर भात सोडून स्ट्रॉबेरी किंवा ड्रॅगन फ्रूट लावावे.

यातले वर्णन बहुतेक खरे आहे. 2015-16 च्या कृषी गणनेत महाराष्ट्राचे सरासरी धारणक्षेत्र 1.34 हेक्टर निघाले. आमच्या खोऱ्यातल्या पुष्कळ खातेदारांना तेवढेही ऐश्वर्य वाटेल. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे, आणि तो चुकीचा का ते सविस्तर सांगितले पाहिजे, कारण त्याच्या भरवशावर जमिनी विकल्या जात आहेत.

पहिला आक्षेप लहानपणाचा. लहान शेतकरी टिकत नाही, हे महाराष्ट्रानेच खोटे ठरवले आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी 1950 च्या सुमारास प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा त्याचे सभासद काही जमीनदार नव्हते. दोन-चार एकरांच्या उसाला ताकद आली ती गाळप शेताजवळ आले म्हणून आणि गाळणाऱ्या कारखान्यात शेतकऱ्याचा भाग होता म्हणून. दुधाचेही तेच. दोन म्हशींचे घर दूधसंघाला दूध घालते, तेव्हा म्हशी दोनच का, असे कोणी विचारत नाही. मग भाताच्या एक एकराला तो प्रश्न का?

दुसरा आक्षेप निसर्गाचा: डोंगर मागास, कारण पाणी नाही. हे ऐकून मला राग येतो. वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण 1928 साली पुरे झाले, त्यात 23.5 टीएमसी पाणी मावते. नीरा-देवघरचे आणखी 11.73. नीरेचा डावा कालवा 1885 पासून बारामती-इंदापूरकडे वाहतो आहे. पाऊस आमच्या डोंगरावर पडतो, बुडाली ती आमच्या खोऱ्यांतली खाचरे, आणि ऊस पिकतो खाली. खालच्या शेतकऱ्याशी माझे भांडण नाही. पण या व्यवस्थेला निसर्ग म्हणू नये. तो निर्णय होता, आणि त्याची भरपाईही निर्णयानेच व्हायला हवी.

आता मुख्य मुद्दा, पैशाचा. दिवाळीच्या आगेमागे भात झोडून होते आणि त्याच आठवड्यात व्यापाऱ्याचा टेम्पो वाडीत येतो. घराला पैसा हवा असतो. खत-मजुरीची उधारी असते, पोराची फी असते. भात तुसासकट जाते. 2025-26 चा साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये. सरकारी भरडाईचा उतारा 67 टक्के धरला तर तांदळाच्या किलोमागे शेतकऱ्याच्या हाती सुमारे 35 रुपये पडतात. गावच्या जुन्या गिरणीत साठच किलो निघाला तर साडेएकोणचाळीस. इंद्रायणी वाणाला व्यापारी चार पैसे अधिक देतो, तेही धरा. मग पुण्यातल्या वाचकाने आपले किराण्याचे बिल काढून इंद्रायणीचा भाव पाहावा. मधला फरक भरडाई, पोती, वाहतूक आणि थांबण्याची ऐपत यांचा आहे. यातली एकही गोष्ट खाचराच्या आकारावर अवलंबून नाही.

शिवाय तूस, कोंडा आणि कणी गिरणीतच राहतात. कोंडा जनावराचे खाद्य, कणी कोंबडीचे. तुसाची राख रोपवाटिकेत मिसळणे हे डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भातशेतीचे पहिलेच सूत्र. म्हणजे भात बाहेर गेले की पुढच्या वर्षाच्या रोपांची ताकदही त्याच टेम्पोत जाते.

स्ट्रॉबेरीचा सल्ला देणाऱ्यांना एवढेच विचारतो, की हिवाळ्यात ज्याच्या विहिरीला तळ दिसतो त्याने ती कशावर जगवायची? आणि भाव पडला त्या दिवशी पिकलेले फळ ठेवायचे कुठे? भात कणगीत वर्षभर राहते. थांबू शकणारे पीक हे लहान शेतकऱ्याचे सर्वांत मोठे बळ आहे. ते बळ आम्ही आठवड्याभरात विकून टाकतो, कारण थांबायला पैसा नसतो.

थांबण्याची सोय कागदावर आहे. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990 पासून चालू आहे: माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचे, सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी. भात तिच्यात बसते. पण तारण ठेवायचे तर गोदाम हवे, आणि आठ पोती घेऊन कोणी तालुक्याला जात नाही. म्हणून गोदाम खोऱ्यात हवे, आंबवड्यासारख्या आठ-दहा वाड्यांच्या वाटेवरच्या गावात. त्याला लागून रबर रोलरची, कणी कमी पाडणारी गिरणी. मालकी भात पिकवणाऱ्यांची, आणि सभासदांत बायकांची नावे, कारण लावणीपासून बियाणे निवडण्यापर्यंतचे काम त्यांचेच आहे.

यावर उत्तर येते की अशा शेतकरी कंपन्या निघतात आणि बंद पडतात. पडतात, खरे आहे. बहुतेक ठिकाणी यंत्राला अनुदान मिळते, पण नोव्हेंबरात भात विकत घ्यायला खेळते भांडवल मिळत नाही. शेतकरी व्यापाऱ्याकडेच जातो आणि गिरणी रिकामी राहते. हे दुखणे भांडवलाचे आहे, शेतकऱ्याच्या वृत्तीचे नाही. जिल्हा बँक उसावर उचल देते तशी भातावर दिली तर ते बरे होते.

मजुरांचा प्रश्न खरा आहे. त्यावर नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांची सगुणा पद्धत आहे. गादीवाफ्यावर टोकणी करायची. चिखलणी नाही, लावणी नाही. उतारावरच्या अरुंद खाचरांत ती जशीच्या तशी बसेलच असे नाही, पण पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला दोन सुट्ट्यांत पेरणी उरकता येणे ही काही लहान गोष्ट नाही. आणि भात निघाल्यावर ओलीवर हरभरा, वाल, मसूर घेता येतात. त्यांची डाळ करणारी चक्कीही त्याच गिरणीच्या छपराखाली बसेल.

भोरच्या बाजार समितीने, जिल्हा बँकेने आणि कृषी खात्याने येत्या हंगामाआधी एवढे एकच करावे: एका खोऱ्यात एक गोदाम, एक गिरणी आणि पहिल्या खरेदीपुरते भांडवल. टेम्पो वाडीत शिरण्याच्या आधी तिथे वजनकाटा लागलेला असला पाहिजे.