प्रतिनिधी कोणाचा?

बंगळूरच्या इंदिरानगरात आमच्या शेजारी एक मराठी गृहस्थ राहतात. जाहिरात-नियोजक हा त्यांचा व्यवसाय. महिन्यातील निम्मे दिवस ते फिरतीवर असतात. कधी इंदूर, कधी नागपूर, कधी हुबळी. परत येताना मुलासाठी त्या त्या गावचा खाऊ आणण्यास विसरत नाहीत, आणि रविवारी सकाळी आमच्याकडे चहाला आले म्हणजे प्रवासात भेटलेल्या माणसांचे मोठे रसाळ वर्णन करतात. माणूस सज्जन, बहुश्रुत आणि पुत्रवत्सल. हे प्रारंभीच सांगून टाकतो; कारण पुढे जे लिहावयाचे आहे ते त्यांच्याविरुद्ध नसून त्यांच्या धंद्यातील एका तत्त्वाविरुद्ध आहे, आणि काही अंशी माझ्या स्वतःविरुद्धही आहे.

ते तत्त्व असे : "आम्ही कंपनीचे नव्हे, ग्राहकाचे प्रतिनिधी." हे त्यांच्या पदरचे नाही. 1968 च्या सुमारास लंडनमध्ये स्टीफन किंग आणि स्टॅन्ली पॉलिट या दोन जाहिराततज्ज्ञांनी आपापल्या संस्थेत नियोजकाची जागा निर्माण केली. (भयकथा लिहिणारे अमेरिकन ग्रंथकार स्टीफन किंग निराळे, मात्र भय हा विषय दोघांच्या वाटेत येतोच.) तोवर जाहिरातसंस्थेत एक जण गिऱ्हाईक-कंपनीशी बोलणारा असे व दुसरा मजकूर लिहिणारा. ज्याने शेवटी खिशात हात घालावयाचा, त्या ग्राहकाच्या वतीने बोलणारे त्या खोलीत कोणीच नसे. ती उणीव नियोजकाने भरून काढावी, अशी ही कल्पना. म्हणून नियोजक गावोगाव हिंडतो, लोकांच्या स्वयंपाकघरात बसतो, फळीवर कोणता डबा आहे आणि तो का आहे हे विचारतो. ऐकावयास ही गोष्ट लोकशाहीसारखी गोड वाटते.

परंतु मी केंद्र सरकारच्या कचेरीतील एक कारकून आहे, आणि आमच्याकडे 'प्रतिनिधी' या शब्दाला काही अर्थ असतो. एखादा मनुष्य दुसऱ्याच्या वतीने आमच्या टेबलासमोर उभा राहिला, की आम्ही प्रथम त्याचे अधिकारपत्र मागतो. त्याला कोणी नेमले? त्याचे मानधन कोण देतो? तो आपला अहवाल कोणास सादर करतो? आणि ज्याच्या वतीने तो बोलतो, त्याला तो नकोसा झाल्यास काढून टाकता येते काय? हेच चार प्रश्न नियोजकास विचारून पाहावेत. नेमणूक जाहिरातसंस्थेची, पैसा कंपनीचा, अहवालही कंपनीला. आणि ज्या माउलीने चहा पाजून आपले मन मोकळे केले, तिला त्या अहवालाचे एक पानही दिसत नाही. एका पक्षाच्या घरातील गोष्ट काढून दुसऱ्या पक्षाच्या हाती देणाऱ्यास मराठीत प्रतिनिधी म्हणत नाहीत. त्याला हेर म्हणतात.

शब्द कठोर आहे, हे मी जाणतो. तो का वापरला, ते सांगतो.

माझी कन्या सात वर्षांची आहे आणि अंगाने जरा लहानखुरी आहे. एका रविवारी शेजाऱ्यांनी माझ्या पत्नीला सहज विचारले, "वहिनी, हिच्याबद्दल तुम्हांला कसली काळजी वाटते?" ती म्हणाली, "शाळेच्या प्रार्थनेला उंचीप्रमाणे उभे करतात. ही रोज रांगेत सर्वांत पुढे. मागून कोणी हसले, की हिला वाटते आपल्यालाच हसले." बोलणे तेथेच संपले. पाचसहा महिन्यांनी कन्या माझ्या मोबाइलवर गणिताचा एक धडा पाहत होती. धड्याच्या आधी एक जाहिरात आली. शाळेचे पटांगण, प्रार्थनेची रांग, सर्वांत पुढे एक लहानशी मुलगी, मागे हसू, घरी आईच्या डोळ्यांत पाणी, आणि मग दुधात घालावयाच्या एका पुडीचा डबा. माझी पत्नी कणीक मळता मळता थबकली. तिचेच वाक्य होते ते. केवळ त्याला आता संगीत लागले होते.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढची आहे. त्याच संध्याकाळी मी तो डबा विकत आणला. सर्व कळत असूनही आणला. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण केली, आणि दर पंधरवड्यास मुलीला तेथे उभी करू लागलो. दोन डबे संपले. खूण वर सरकली ती सरकावयाची तेवढीच. उंची आनुवंशिकता, पुरेसा आहार, झोप आणि निरोगीपण यांवर अवलंबून असते, हे मला काय ठाऊक नव्हते? पण भीती वाटू लागली, की माणूस पदवीधर असूनही उपयोग होत नाही.

पुढे एके दिवशी शेजाऱ्यांचा मुलगा आमच्याकडे खेळावयास आला होता. पत्नीने दोन पेल्यांत दूध ओतले व डब्याचे झाकण उघडले. एवढ्यात शेजारी मुलाला न्यावयास दारात आले आणि अगदी स्वाभाविकपणे म्हणाले, "नको वहिनी, त्याला साधंच द्या. फार साखर असते त्यात."

त्या डब्याचे नाव मी येथे घेणार नाही. माझे भांडण एका डब्याशी नाही. माझे भांडण त्या दोन पेल्यांतील फरकाशी आहे.

नियोजकांचा बचाव ठरलेला आहे : "आम्ही भीती निर्माण करीत नाही, असलेली भीती फक्त बोलून दाखवितो." हे खरे मानले तरी पुरेसे नाही. भीती वैद्यही ऐकून घेतो; पण तो ती शमविण्यासाठी ऐकतो. जो ती जोखून, धार लावून, पुन्हा त्याच घरात परत पाठवितो, त्याने 'मी केवळ ऐकले' असे म्हणू नये.

कोणी म्हणेल, जाहिरातीवाचून व्यापार चालेल कसा? या मासिकाच्या मलपृष्ठावरही जाहिरात असतेच. अगदी मान्य. हा धंदा आम्हां मराठी माणसांस परकाही नाही. मुंबईच्या गिरगावात बी. दत्ताराम यांनी 1905 साली काढलेली संस्था देशातील अगदी आरंभीच्या जाहिरातसंस्थांत गणली जाते. 'जाहिरात' या शब्दात 'जाहीर' आहे. अमुक वस्तू अमुक ठिकाणी, अमुक भावाने मिळेल, असे चारचौघांत जाहीर करणे हा त्याचा सरळ अर्थ. आणि त्या अर्थाने ती उपयुक्तच आहे. येथे उलटे घडते. वस्तूतील साखर बारीक अक्षरांत लपते आणि आईचे मन तेवढे जाहीर होते.

कायद्याने याची दखल घेतलेली नाही असे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 9 जून 2022 रोजी काढलेल्या मार्गदर्शक नियमांत स्पष्ट म्हटले आहे की, मुलांसाठीच्या जाहिरातींनी त्यांच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी हीनभाव उत्पन्न करू नये. आणि मूल जे नैसर्गिक वा पारंपरिक अन्न खाते त्याहून आपली वस्तू श्रेष्ठ आहे असे भासवू नये. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस पहिल्या खेपेस 10 लाख व पुढे 50 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद मूळ कायद्यातच आहे. एप्रिल 2024 मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सूचना केली की, बोर्नव्हिटासह अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढावीत. कारण 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात त्या नावाची व्याख्याच नाही. त्याच महिन्यात हिंदुस्थान युनिलिव्हरने आपल्या अशा पेयांच्या विभागाचे नाव बदलून 'फंक्शनल न्यूट्रिशनल ड्रिंक्स' असे ठेवले. नाव बदलण्यास एक दिवस पुरतो. आईच्या मनात इतकी वर्षे रुजविलेली समजूत किती दिवसांत बदलावी?

"पालकांनीच सावध राहावे," असा उपदेश यावर केला जातो. कॅनडातील क्वेबेक प्रांताने 1980 पासून तेरा वर्षांखालील मुलांना उद्देशून केलेल्या व्यापारी जाहिरातींना बंदी घातली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली ती वैध ठरविली. स्वीडनने 1991 पासून बारा वर्षांखालील मुलांसाठी दूरचित्रवाणीवर असाच निर्बंध ठेवला. तेथील आईबाप आपल्यापेक्षा कमी सावध होते म्हणून काय? एका बाजूस संशोधक, मानसशास्त्रज्ञ, चित्रपटकार आणि कोट्यवधींचा खर्च. दुसऱ्या बाजूस कचेरीतून थकून आलेला बाप. हा सामना बरोबरीचा नाही, एवढेच त्यांनी ओळखले. 2018 साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बंगळूरच्या रस्त्यांवरून बेकायदा फलक उतरले, तेव्हा आम्हांस हायसे वाटले होते. आता जाहिरातीला रस्त्याची गरजच उरलेली नाही. ती गणिताच्या धड्यातून घरात येते.

माझे मागणे फार नाही. नियोजकांना 'ग्राहकाचे प्रतिनिधी' ही पदवी हवीच असेल, तर तिची दोन बंधने त्यांनी पाळावीत. ज्या घरातून गोष्ट नेली, तिचा कोठे व कशासाठी उपयोग होणार हे त्या घरास आधी सांगावे आणि त्याचा होकार घ्यावा. आणि ज्या पेल्यातून आपल्या मुलाला पाजणार नाही, तो पेला दुसऱ्याच्या मुलापुढे ठेवणारी जाहिरात लिहिण्यास साफ नकार द्यावा. नोकरी जाईल, घराचे हप्ते थकतील, ही भीती मी समजू शकतो. मीही हप्ते भरणारा मनुष्य आहे. पण मग त्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे की, भीती ही काय चीज आहे हे त्यांना दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन शिकावयाचे कारण नव्हते.

चौकटीवरच्या खुणा मी पुसल्या आहेत. डबा रिकामा झाल्यावर त्यात आता डाळ असते. हा अंक हाती आला, की पहिली प्रत शेजाऱ्यांना देणार आहे. ते येत्या रविवारीही चहाला येतील, अशी माझी आशा आहे; आले तर त्यांना प्रश्न विचारण्याची पाळी आमची असेल.