हंगामी वसतिगृहे टोळ्या गाव सोडण्यापूर्वी सुरू करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
जिल्हाधिकारी कार्यालय

विषय : ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहे व इतर प्रलंबित मागण्या.

संदर्भ : याच विषयावरील आमची यापूर्वीची सर्व निवेदने. पोचपावत्या आमच्याकडे आहेत.

महोदय,

आम्ही खाली सह्या व अंगठे करणारे डोंगरपट्ट्यातील ऊसतोड मजूर, हंगामात गावी मागे राहणारी म्हातारी माणसे आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आपणास विनंतीपूर्वक निवेदन करतो की, आमच्या मुलांच्या वसतिगृहाचा प्रश्न याही वर्षी जागचा हललेला नाही.

लोकशाही दिनात हा विषय मांडला, तेव्हा 'संबंधित विभागाकडे वर्ग' असा शेरा मिळाला. त्या विभागाने अर्ज पंचायत समितीकडे पाठवला आणि पंचायत समितीने खुलासा मागवला तो आमच्याच शाळेच्या मुख्याध्यापकांकडे. गेल्या वर्षी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी आम्ही उपोषणाला बसणार होतो. आदल्या संध्याकाळी घाईघाईने लेखी पत्र देण्यात आले की दिवाळीपूर्वी वसतिगृहे सुरू करू. त्या पत्राचा मान राखून आम्ही उपोषण मागे घेतले. दिवाळी झाली, तुळशीचे लग्न लागले, गावे रिकामी झाली. वसतिगृहाची चूल पेटली ती नाताळच्या तोंडावर.

साहेब, ऊसतोडीला जाणे हे अचानक आलेले संकट नाही. मुकादम पावसाळ्यातच उचल वाटतो. कोणता कोयता (नवरा-बायकोची जोडी) कोणत्या कारखान्याला जाणार, डोकी सेंटरला (मोळ्या डोक्यावरून वाहायला) की गाडी सेंटरला (बैलगाडीने वाहायला), हे पोळ्याच्या आत ठरलेले असते. गाळप कधी सुरू करायचे हे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील मंत्री समिती ठरवते. 2024 साली ती तारीख 15 नोव्हेंबर होती, 2025 साली 1 नोव्हेंबर. कारखान्याला ठाऊक, मुकादमाला ठाऊक, ट्रक-ट्रॅक्टरवाल्याला ठाऊक. आमचे स्थलांतर दरवर्षी नव्याने कळते ते फक्त शिक्षण विभागाला.

मग सर्वेक्षणाचे आदेश निघतात. ते शाळेपर्यंत पोहोचतात तेव्हा ट्रॅक्टर भरून गेलेले असतात. तपासणी पथक येते, वर्गात मुले दिसत नाहीत, आणि अहवालात लिहिले जाते की लाभार्थी उपलब्ध नाहीत. मुले नाहीत म्हणून वसतिगृह नाही आणि वसतिगृह नाही म्हणून मुले नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीने ऑगस्टमध्येच ठराव करून मुलांची नावानिशी यादी दिली होती. तिच्यावर 'पडताळणी आवश्यक' एवढेच लिहून आले. पडताळणी करायला कोण येणार होते आणि कधी, याचे उत्तर आजवर मिळालेले नाही.

बोगस पटाची भीती आम्हाला सांगितली जाते. काही ठिकाणी खोटी नावे लावून अनुदान उचलले गेले असेल, तर त्यांच्यावर खुशाल गुन्हे दाखल करा. गैरप्रकार करणाऱ्याच्या पापाची शिक्षा रोज फडात उभ्या असलेल्या खऱ्या पोरांना कशासाठी? शिवाय खोटी नावे शिरतात ती उशिरामुळेच. गाव भरलेले असताना दारोदार मोजणी केली, तर खोटे नाव कोण कसे लावणार?

उशीर झाला की काय होते, ते एकदा स्पष्ट लिहितो. एका कोयत्याला नवरा-बायको दोघे लागतात. मूल गावी ठेवायला सोय नसली की तेही ट्रॉलीत बसते. फडाशेजारी कोपी पडते. आई-बाप पहाटे चारला उठून तोडायला लागतात आणि थोरली मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन कोपीशी थांबते. पाणी आणायचे तिने, भाकरी पोहोचवायची तिने. दहा-अकरा वर्षांचा मुलगा वाढे गोळा करतो, मोळ्या बांधायला हात लावतो. गाडी रात्री भरायची असली तर तीही झोप मोडून. लहानगी पाचटावरच झोपतात, आणि तेथूनच ट्रॅक्टर वळतात. खाडा झाला तर पैसे कापतात म्हणून आई ताप आलेल्या पोरालाही बांधावर निजवते. शाळेच्या पटावर मात्र ही मुले आमच्याच गावात शिकत असतात.

मुलाला फडाजवळच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड दिले, असे आम्हाला उत्तर मिळते. कार्ड मिळते तेव्हा मिळते. कोप्या पडतात फडाच्या कडेला आणि शाळा असते गावात, मध्ये उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला रस्ता. टोळी पंधरा दिवसांत दुसऱ्या गावच्या फडात हलते. ज्यांची टोळी बेळगावकडे जाते, त्यांच्या जवळची शाळा कानडी असते. तिथे हे कार्ड दाखवून पोराने काय वाचायचे?

मुलींचे तर विचारूच नका. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 18 वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात 21.9 टक्के आहे, बीडमध्ये 43.7 आणि परभणीत 48. हे आकडे प्रत्येक बैठकीत वाचले जातात, बालविवाह रोखण्याची शपथही घेतली जाते. वयात आलेली पोर कोपीत उघड्यावर ठेवता येत नाही आणि गावी म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर सोडता येत नाही. बाप मग लग्न उरकतो. लग्न लागले की नवा कोयता तयार होतो आणि मुकादम त्यावर वेगळी उचल देतो. वसतिगृहाचे दार उघडे असते, तर यातली निम्मी लग्ने तरी लांबली असती, असे आमचे मत आहे. आमच्याकडे मोजलेला आकडा नाही, पण घरोघरी जाऊन विचारावे.

जिथे वसतिगृह उशिरा का होईना सुरू होते, तिथेही अनुदान हंगाम संपत आल्यावर येते. तोवर किराणा उधारीवर. दुकानदार समितीच्या अध्यक्षाला रस्त्यात अडवतो. स्वयंपाक करणाऱ्या बायांचे मागच्या हंगामाचे मानधन अजून बाकी आहे. ते 'मार्चअखेर' देऊ असे सांगितले होते. कोणता मार्च, हे सांगितले नव्हते.

तरी आमच्या मागण्या अशा :

1) स्थलांतरित होणाऱ्या मुलांची मोजणी सप्टेंबरमध्ये, पालक गावात असताना पूर्ण करावी. वसतिगृहे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू करावीत आणि शेवटची टोळी परत येईपर्यंत चालवावीत. निम्मे अनुदान आगाऊ द्यावे. मुक्कामी मुलींसाठी महिला काळजीवाहक नेमावी. मागील थकबाकी तत्काळ द्यावी.

2) संत भगवान बाबा वसतिगृह योजनेत 41 तालुक्यांत 82 वसतिगृहे 2021 साली जाहीर झाली. आमच्या तालुक्यातील दोन्हींना हक्काची इमारत कधी मिळणार, हे लेखी कळवावे.

3) गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाची ओळखपत्रे नवरा आणि बायको, दोघांच्याही नावे द्यावीत.

4) 2019 साली झालेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. हंगामाला जाण्यापूर्वी व परतल्यावर आरोग्य तपासणी व्हावी, असे त्यानंतर ठरले होते. ती कागदावर न होता गावात व्हावी.

5) फडावरही रेशन मिळावे.

6) प्रतिटन 366 रुपयांचा करार 2025-26 च्या हंगामापर्यंतचा होता. पुढच्या बोलणीत ऊसतोड महिलांचा प्रतिनिधी घ्यावा, अशी शिफारस आपण शासनाकडे करावी.

यांतील पहिल्या मागणीला नवा कायदा, नवी योजना वा मंत्रिमंडळाची मंजुरी लागत नाही. तारीख लागते आणि सही लागते. नियम आपणास आमच्यापेक्षा जास्त माहीत आहेत.

दसऱ्यापर्यंत वसतिगृहाचा आदेश शाळेत पोहोचला नाही, तर त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आमच्या मुलांची शाळा आपल्या कार्यालयाच्या आवारात भरेल. हजेरीपट आम्ही आणू, दुपारच्या व रात्रीच्या जेवणाची व्यवस्था प्रशासनाने करावी. या वेळी आश्वासनाचे पत्र घेऊन आम्ही उठणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

आपले विश्वासू,
ऊसतोड मजूर, पालक व शाळा व्यवस्थापन समिती सदस्य
(सह्या व अंगठ्यांची यादी सोबत)

प्रत माहितीसाठी :
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद
मा. पोलीस निरीक्षक, यांना आंदोलनाच्या पूर्वसूचनेसह