गाठ मोजल्यावाचून उतरली म्हणू नये

कुत्र्याच्या जबड्याच्या कोनाशी, खांद्यापुढे आणि मागच्या गुडघ्यांच्या लवणीत न दुखणाऱ्या टणक गाठी एकाएकी हाताला लागाव्यात, त्याचे खाणे मंदावावे, आणि जवळच्या दवाखान्यातून आणलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी आठवड्याच्या आत त्या गाठी विरघळून ते पुन्हा अंगणभर धावू लागावे, असे ज्यांच्या घरी घडले त्यांना रोग गेला असे वाटले तर त्यांचा दोष नाही. दोष आहे तो, जे डोळ्यांना दिसेनासे झाले ते शरीरातूनही नाहीसे झाले, या समजुतीचा. आणि खेदाची गोष्ट अशी की ही समजूत केवळ मालकांची नसते.

लसिकाग्रंथींचा हा कर्करोग, ज्याला आता आपल्याकडेही सर्रास लिम्फोमा म्हणतात, कुत्र्यांतील रक्तपेशींच्या कर्करोगांत सर्वांत अधिक आढळणारा होय. आणि ताराबाई पार्क, राजारामपुरी यांसारख्या वस्त्यांतून फिरावयास निघणाऱ्या गोल्डन रिट्रीव्हर, बॉक्सर, रॉटवायलर या जातींत तो इतरांहून जास्त प्रमाणात होत असल्याने कोल्हापूरकरांना तो यापुढे अपरिचित राहील असे मानण्याचे कारण नाही. स्टेरॉइड या रोगात निरुपयोगी आहे असे मुळीच नव्हे. पद्धतशीर उपचारक्रमाचा तो एक घटकच आहे. परंतु केवळ त्याच्यावर विसंबलेल्या कुत्र्याच्या वाट्याला बहुधा एक-दोन महिन्यांचेच आयुष्य येते, आणि निदानापूर्वीच ते दिले गेले तर एकीकडे सुईने काढलेल्या नमुन्यावरून निदान करणे दुष्कर होते व दुसरीकडे शिल्लक राहिलेल्या रोगपेशी पुढच्या प्रभावी औषधांनाही दाद देईनाशा होतात. त्यातच आपल्याकडे गोचिडांपासून होणारा एर्लिकिओसिससारखा ताप बारमाही ठाण मांडून असतो. त्यातही ग्रंथी सुजतात, प्लेटलेट घटतात. तेव्हा डॉक्सिसायक्लिनने आटोक्यात येणारा आजार कर्करोग ठरण्याचा आणि कर्करोग गोचीडतापाच्या नावावर खपून जाण्याचा, असे दोन्ही धोके संभवतात. म्हणून पहिली गोळी देण्यापूर्वी गाठीतील पेशी काचपट्टीवर घेऊन पाहणे याला पर्याय नाही.

औषधांचा तुटवडा ही आपली अडचण नाही. परसातल्या सदाफुलीपासून निघणारे आणि १९६३ साली अमेरिकेत मान्यता पावलेले व्हिन्क्रिस्टीन आपल्या पशुवैद्यांच्या चांगल्या ओळखीचे आहे, कारण भटक्या कुत्र्यांत समागमातून पसरणाऱ्या गाठींवर ते आठवड्यास एक याप्रमाणे चार ते सहा वेळा टोचले जाते, गाठ डोळ्यांदेखत आटते, आणि ती पूर्ण गेली म्हणजे बहुधा रोगही गेलेला असतो. मला वाटते, नजरेवर भिस्त ठेवण्याची सवय या यशातूनच जडली असावी. लिम्फोमाचा न्याय मात्र निराळा. व्हिन्क्रिस्टीन, सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन आणि प्रेडनिसोलोन यांचा जो एकत्रित क्रम मानवी वैद्यकातून इकडे आला आणि ‘चॉप’ या नावाने रूढ झाला, तो १९ ते २५ आठवडे नेटाने चालविला असता १०० पैकी ८० ते ९० कुत्र्यांच्या गाठी मावळतात. तथापि बी-पेशींच्या प्रकारात सर्वसाधारणपणे वर्षभराचे, आणि टी-पेशींच्या प्रकारात त्याहूनही कमी, असे आयुष्य हाती येते, व कायमचे बरे होणारे फारच थोडे.

अशा रोगात उपचाराचा गुण येत आहे की नाही हे ठरवावयाचे कसे? व्हेटरिनरी कोऑपरेटिव्ह ऑन्कॉलॉजी ग्रुप या पशुवैद्यांच्या मंडळाने याविषयीचे निकष २०१० साली प्रसिद्ध केले आणि ते इतके सुबोध आहेत की आपल्या शिवाजी उद्यमनगरातील कोणत्याही टर्नरला ते समजावून द्यावे लागू नयेत. उपचारारंभी अधिकात अधिक पाच ग्रंथी निवडावयाच्या, प्रत्येकीचा सर्वांत लांब व्यास कॅलिपरने मोजावयाचा आणि त्यांची बेरीज दप्तरी नोंदवावयाची. ही बेरीज किमान ३० टक्क्यांनी घटली तर अंशतः गुण. सर्व ग्रंथी स्वाभाविक आकारावर आल्या आणि रोगाची अन्य खूणही उरली नाही तर पूर्ण गुण. आणि आजवर नोंदलेल्या नीचांकी बेरजेच्या वर ती २० टक्के चढली, त्यातही एखादी ग्रंथी निदान ५ मिलिमीटरने वाढली, अथवा नवीच गाठ उद्भवली, तर रोगाने पुन्हा उचल खाल्ली असे समजावयाचे.

या शेवटच्या कलमातील ‘नीचांकी’ या शब्दावर वाचकांनी क्षणभर थांबावे. समजा, प्रारंभी बेरीज २०० मिलिमीटर होती, उपचाराने ती १०० वर आली, आणि पुढच्या भेटीत १२० भरली. मालकाच्या मनात अजून त्या जुन्या, लिंबाएवढ्या गाठींचेच चित्र असते. त्यांच्या मानाने हे काहीच नव्हे, कुत्रेही शेपूट हलवीत आहे, मग काळजी कसली? वस्तुतः याच भेटीत औषध बदलण्याचा विचार व्हावयास हवा होता, आणि १०० चा आकडा कोठेही टिपलेला नसेल तर तो विचार करण्याचे साधनच वैद्याच्या हाती राहत नाही.

मोजमापालाही मर्यादा आहेतच. एक ग्रॅम अर्बुदात ढोबळमानाने १०० कोटी पेशी असतात, म्हणून बोटांना व कॅलिपरला काहीही लागत नसताना शरीरात तेवढ्या रोगपेशी दडून असू शकतात. त्यांचा माग पीसीआर या जनुकीय तपासणीने काढता येतो आणि जपानमधील संशोधकांनी कुत्र्यांत ते करून दाखविले आहे. रक्तातील थायमिडीन कायनेज या द्रव्याचे वाढते प्रमाणही कधीकधी पुनरागमनाची आगाऊ वर्दी देते. या सोयी आपल्याकडे नाहीत म्हणून हळहळणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच की जेथे साधा कॅलिपर वापरला जात नाही तेथे पीसीआर येऊनही यत्किंचित उपयोग व्हावयाचा नाही.

नोंदीचे महत्त्व केवळ गाठींपुरते नाही. प्रत्येक मात्रेपूर्वी रक्तातील न्यूट्रोफिल पेशी मोजाव्या लागतात, आणि त्या मायक्रोलिटरमागे दीड-दोन हजारांच्या खाली असतील तर मात्रा पुढे ढकलावी लागते, नाहीतर कर्करोगाऐवजी जंतुसंसर्गच कुत्र्याचा जीव घ्यावयाचा. डॉक्सोरुबिसिनची एकूण मात्रा शरीरपृष्ठाच्या दर चौरस मीटरला १८० ते २४० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की हृदयाचे स्नायू कायमचे दुबळे होण्याची भीती वाढते. एका दवाखान्यातून दुसऱ्यात गेलेल्या कुत्र्याचे मागचे कागद सोबत नसतील तर हा हिशेब ठेवावयाचा कोणी? ज्या जिल्ह्यात १९६३ पासून ‘गोकुळ’ हा दूध संघ नांदतो आहे आणि जेथे दुधाच्या प्रत्येक खेपेचे फॅट तपासून त्याचा दाखला उत्पादकाच्या हाती दिला जातो, तेथे एका आजारी जिवाच्या औषधाचा जमाखर्च ठेवता येत नाही ही सबब मला पटत नाही.

माणसांना उपचार मिळण्याची मारामार असता कुत्र्याच्या कर्करोगावर पैसा घालावा काय, असा आक्षेप येईल, आणि तो अप्रामाणिक नाही. परंतु नोंदवही खर्च वाढविण्यापेक्षा तो थांबविण्यासाठीच अधिक उपयोगी पडते. दोन-तीन मात्रांनंतरही बेरीज हलत नाही हे कागदावर दिसले म्हणजे हजारो रुपयांची आणि कुत्र्याच्या कष्टांची आहुती देत राहण्याचे प्रयोजन उरत नाही. आणि उलटलेल्या रोगावरील दुसऱ्या उपचारक्रमाने मिळणारी उसंत पहिलीपेक्षा बहुधा आखूड असते, हे ठाऊक असलेल्या कुटुंबाला केवळ वेदनाशमनाचा मार्ग पत्करण्याचा निर्णय अपराधी न वाटता घेता येतो.

आजमितीस गंभीर आजारी कुत्र्याला घेऊन कोल्हापूरकर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालयाची, १८८६ पासून चालत आलेल्या परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची, किंवा २०२४ मध्ये महालक्ष्मी येथे सुरू झालेल्या टाटा न्यासांच्या रुग्णालयाची वाट धरतात. निदान आणि उपचाराची आखणी तेथे व्हावी हे योग्यच. पण आठवड्या-आठवड्याला तेवढा प्रवास अशक्त जनावराला सोसत नाही आणि नोकरदार मालकालाही परवडत नाही. मधली मोजणी आणि रक्ततपासणी आपल्या जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात व्हावी, तिचा तक्ता मोठ्या रुग्णालयाकडे रवाना व्हावा आणि पुढच्या मात्रेचा हुकूम तिकडून यावा, एवढी व्यवस्था पशुसंवर्धन खात्याने लावून द्यावी. गुरांच्या थायलेरिओसिससाठी ज्या सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचे लेप पाहिले जातात त्याच्याखाली कुत्र्याच्या ग्रंथीतील पेशीही दिसतात, आणि कॅलिपर तर उद्यमनगरातल्या कोणत्याही दुकानात काही शे रुपयांना मिळतो. म्हणून यासाठी नव्या अंदाजपत्रकाची मंजुरी येईपर्यंत थांबण्याचे कारण मला दिसत नाही.