लावणीतला शालू कोणी दिला?

पेशवाईतील लावणीत शालू, पैठणी, चंद्रकळा, चोळी यांची रेलचेल आहे. आपल्या समीक्षेने मात्र या साऱ्याची बोळवण 'उद्दीपन विभाव' एवढ्या दोन शब्दांत केली आहे. म. वा. धोंड यांच्या 'मऱ्हाटी लावणी'ने (१९५६) या रचनाप्रकाराला अभ्यासविषयाची प्रतिष्ठा दिली. पुढच्यांनी बहुतेक नायिकाभेदाची जुनी चौकटच पुन्हा ठोकली. वस्त्र कोणी विणले, कोणी विकत घेतले, कोणाच्या नजरेसाठी मिरवले, हे प्रश्न त्या चौकटीत वाङ्मयबाह्य ठरतात.

ते तसे नाहीत, हे मराठी भाषाच सांगते. पेशवेपद मिळे ते 'वस्त्रे' मिळाली की. राजस्त्रियांच्या खाजगी खर्चासाठी गाव लावून दिले जाई ते 'चोळीबांगडी'साठी. वस्त्र देणे म्हणजे पद वा आश्रय देणे, आणि घेणे म्हणजे बांधिलकी पत्करणे. या भाषेतली नायिका सख्याजवळ शालू मागते तेव्हा तो निव्वळ लाडिकपणा असतो, की आपले स्थान ठरवून घेण्याची मागणी? शिवाय तमाशाच्या फडात तो शालू नाच्या पोऱ्याच्या अंगावर असे. तेथे देह पुरुषाचा. स्त्रीत्व घडवण्याचे काम वस्त्रालाच करावे लागे. स्त्रीदेह खुलवणारे साधन म्हणून वस्त्राकडे पाहणारी उपपत्ती येथे गळून पडते.

जपानी काष्ठठशांच्या चित्रांच्या अभ्यासात हा संकोच दिसत नाही. योशिवारातील वरच्या श्रेणीच्या गणिका ओबी पुढे बांधीत. गाठ कोठे आहे यावरून पाहणारा स्त्रीचे स्थान वाचत असे. इसोदा कोर्युसाईची १७७० च्या दशकात सुरू झालेली चित्रमाला तर किमोनोच्या नव्या नक्ष्या गणिकांच्या अंगावर मांडून दाखवते. सौंदर्य आणि कापडबाजार तेथे वेगळे काढताच येत नाहीत.

आपल्याकडे शाहीर परशराम जातीने शिंपी होता. हा तपशील चरित्राच्या पहिल्या परिच्छेदात येतो आणि तेथेच राहतो. शिंप्याच्या घरात वाढलेल्या कवीची चोळी संस्कृत अलंकारशास्त्रातून आली, असे आपण बिनदिक्कत शिकवतो! मराठवाड्यातून पाहताना ही उणीव अधिक बोचते. माग पैठणला, गिऱ्हाईक पुण्यात. मधला विणकर कोणत्याही आशयमीमांसेत नाही.

'लावणीतील शृंगार स्पष्ट करा' हा प्रश्न पदव्युत्तर परीक्षेत आता पुरे झाला. त्या शालूचे पैसे कोणी मोजले, हे एकदा विचारून पाहावे.