भूकंपाच्या दृष्टीने मुलांची व राहत्या घरांची पूर्वतयारी करून देण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, हिंगोली.

विषय : वसमत, औंढा नागनाथ व कळमनुरी तालुक्यांतील दगडमातीच्या व पत्र्याच्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांची भूकंप-पूर्वतयारी.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे पालक व ग्रामस्थ आपणांस हे निवेदन सादर करीत आहोत.

जमिनीतून येणारे गूढ आवाज आमच्याकडे आता कुणाला नवे नाहीत. पांगरा शिंदे व आसपासची गावे ते कित्येक वर्षांपासून ऐकत आहेत. 21 मार्च 2024 रोजी सकाळी 6 वाजून 8 मिनिटांनी 4.5 तीव्रतेचा धक्का बसला आणि अकरा मिनिटांनी 3.6 चा दुसरा. त्याच वर्षी 10 जुलैला सकाळी पुन्हा 4.5. मोठी हानी झाली नाही, हे आमचे नशीब. पण त्यामुळे गावाला सवय जडली आहे. आवाज झाला की माणसे ओट्यावर येतात, घटकाभर बोलतात आणि पुन्हा आत जाऊन त्याच भिंतीला टेकून बसतात.

किल्लारी परिसरातही 1992 च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये असेच लहान धक्के बसत होते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी काय झाले ते मराठवाड्याला सांगायला नको. सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे 8 हजार माणसे गेली. लहान धक्क्यांमागून मोठा येतोच असे नाही, आणि भूकंपाची वेळ आधी कुणालाच सांगता येत नाही, हे आम्ही जाणतो. अफवा पसरवण्याचा आमचा हेतू नाही. मात्र किल्लारीच्या भूकंपात मोकळी झालेली ऊर्जा आमच्या 4.5 च्या धक्क्याच्या तीनशे पटींहून अधिक होती. तेव्हा '4.5 ला घर पडले नाही म्हणजे घर पक्के' हा गावातला समज खोटा आहे आणि तो प्रशासनानेच मोडून काढला पाहिजे. किल्लारीत माणसे मेली ती घरांखाली : दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद. भिंत बाहेरून भक्कम दिसते, पण आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतवणारा आरपार लांब दगड नसला की हादऱ्यात दोन्ही थर फुटून पडतात. अशा भिंती आमच्या गावांत आजही आहेत.

मार्च 2024 च्या धक्क्यानंतर पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्यावेत, असे आवाहन प्रशासनाने केले. आवाहन योग्यच होते. परंतु दगड कुणी हौसेने ठेवत नाही. वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडू नये म्हणून ठेवतो. मार्चमध्ये उतरवलेले दगड वादळी वारे सुटताच बऱ्याच घरांवर पुन्हा चढले, कारण पत्रा अँगलला हूकने आवळून घ्यायला पैसे नव्हते. त्या दगडांच्या बरोबर खाली मुले झोपतात. म्हणून नुसते आवाहन न करता गरीब कुटुंबांना हूक, वॉशर व बसवणावळ यांसाठी साहाय्य द्यावे, ही आमची पहिली मागणी आहे. खर्चाच्या मानाने एवढा उपयोगी दुसरा उपाय आम्हांला दिसत नाही.

दुसरी मागणी मुलांना दिल्या जाणाऱ्या शिकवणुकीबाबत आहे. खाली बसा, डोके झाका, टेबलाखाली शिरा व घट्ट धरा, असे मुलांना शिकवतात. काँक्रीटच्या इमारतीसाठी ते बरोबर आहे. आमच्या घरात टेबल नाही. मुलांनी बाजेखाली शिरायचे की दाराबाहेर धावायचे? आमच्या समजुतीप्रमाणे दगडमातीच्या एकमजली घरात दाराशी असलेल्याने लगेच मोकळ्या जागेत जावे. पण दाराबाहेर दोन उंच भिंतींमधला अरुंद बोळ असेल तर काय? आमच्या समजुतीवर मुलांचा जीव सोपवता येणार नाही. दगडमातीचे घर, विटांचे पत्र्याचे घर आणि स्लॅबचे घर, या तिन्हींसाठी वेगवेगळ्या, तज्ज्ञांनी तपासलेल्या सूचना सोप्या मराठीत व बंजारा बोलीत छापून घरोघरी द्याव्यात.

तसेच या सूचनांचा सराव रात्रीचाही व्हावा. किल्लारीचा भूकंप पहाटेचा आणि 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचाही पहाटेचाच. त्या वेळी मुले शाळेत नसतात, दार लावलेले असते आणि वीज गेलेली असते. दाराची कडी बहुधा वरच्या चौकटीला असते. सात वर्षांच्या मुलाचा हात तिथे पोचत नाही. वसमतचा भाव वाढेल म्हणून ठेवलेले हळदीचे कट्टे दारालगत छातीएवढे रचलेले, त्यांना टेकून मोटारसायकल, आणि मुलांच्या उशाशी लोखंडी कपाट. कडी खाली घेणे, कट्टे आणि कपाट हलवणे, उशाला बॅटरी व चपला ठेवणे, सिलिंडर बंद करायला घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला शिकवणे, एवढे आम्ही स्वतः करू. त्यासाठी निधी नको. मात्र आशाताई, अंगणवाडी सेविका व कनिष्ठ अभियंता यांच्या पथकाने प्रत्येक घरात अर्धा तास बसून कोणती भिंत फुगली आहे आणि मुलांनी कुठे झोपू नये, हे दाखवून द्यावे. भिंत बांधून काढण्याची गरज असलेल्या घरांना घरकुल योजनेत प्राधान्य मिळावे.

शाळांविषयी एकच, पण आग्रहाची मागणी. 26 जानेवारी 2001 रोजी कच्छमधील अंजार येथे प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली 185 मुले व 20 शिक्षक अरुंद गल्लीत कोसळलेल्या घरांखाली दबून मरण पावले. आमच्याकडेही 15 ऑगस्ट व 26 जानेवारीच्या प्रभातफेऱ्या जुन्या वाड्यांच्या बोळांतून जातात. फेरीचा मार्ग मुख्याध्यापक व ग्रामपंचायत यांनी आधी पाहून ठरवावा, असे परिपत्रक काढावे.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 च्या कलम 30 नुसार लोकांचे प्रशिक्षण व जागृती ही जिल्हा प्राधिकरणाची जबाबदारी आहे. त्यामुळे ही मागणी वेगळी कृपा म्हणून केलेली नाही.

मृगाच्या आधी पत्र्यांचे काम व घरपाहणी सुरू व्हावी आणि येत्या ग्रामसभेत आपल्या प्रतिनिधीने उपस्थित राहून प्रत्येक मागणीवर लेखी उत्तर द्यावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
पालक व ग्रामस्थ
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीस्तव व कार्यवाहीस्तव :
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, हिंगोली
मा. तहसीलदार, वसमत, औंढा नागनाथ व कळमनुरी