बाटलीची पाठ कोण वाचणार?

शाम्पूची बाटली हा वाङ्मयीन चर्चेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न काही सन्मित्रांना पडेल. आमचे उत्तर असे की, तो झालाच पाहिजे. महाराष्ट्रात रोज जितक्या घरांत कवितासंग्रह उघडला जातो, त्याहून कितीतरी अधिक घरांत शाम्पूची बाटली अथवा पुडी उघडली जाते. तीवर मजकूर असतो, त्या मजकुराला शैली असते, त्यात अलंकार असतात आणि वाचणाऱ्याच्या खिशावर व डोक्यावर त्याचा परिणाम होतो. असा मजकूर आम्हां मराठीच्या अध्यापकांच्या कक्षेबाहेरचा कसा?

आमचा आक्षेप थोडक्यात असा: शाम्पूचे वचन मराठीत दिले जाते आणि त्याचा हिशेब इंग्रजीत ठेवला जातो. दूरचित्रवाणीवर, भिंतीवरच्या फलकावर, वर्तमानपत्राच्या पुरवणीत ‘मुळापासून पोषण’, ‘केसांना नवजीवन’ अशी गोड मराठी असते. बाटलीत नेमके काय भरले आहे हे सांगण्याची वेळ आली की मराठी संपते आणि मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांची ओळ सुरू होते.

आधी ‘पोषण’ हा शब्द घेऊ. आपल्याला दिसतो तो केस जिवंत नसतो. केराटिन या प्रथिनाचा तो मृत तंतू असतो. जिवंत असते ते डोक्याच्या त्वचेतले केसाचे मूळ. त्या मुळाला अन्न पोचते रक्तातून, म्हणजे पर्यायाने ताटातून. दोन मिनिटांत धुऊन टाकल्या जाणाऱ्या फेसातून ते पोचत नाही. मृत वस्तूचे पोषण होत नाही, म्हणजे येथे मुख्यार्थाचा बाध झाला. काव्यशास्त्राचा कोणताही विद्यार्थी सांगेल की, ही लक्षणा आहे. ‘पोषण’ म्हणजे केस मऊ नि चकचकीत दिसणे. लिहिणारा लक्षणेने लिहितो, विकत घेणारी मुलगी मात्र अभिधेने वाचते. या दोन वाचनांमधल्या अंतरातच नफा आहे.

दुसरा नमुना याहून चतुर आहे. ‘केसगळती कमी’ या ठळक शब्दांच्या डोक्यावर एक चिमुकली चांदणी असते आणि खाली कोपऱ्यात तिचा अर्थ: ‘तुटण्यामुळे होणारी गळती’. केस मधेच तुटणे आणि मुळापासून गळणे या दोन भिन्न गोष्टी होत. कंडिशनरने केसांतला गुंता आणि घर्षण कमी होते, त्यामुळे तुटणे कमी होऊ शकते. तेवढे विधान खरे. पण मुळापासून गळण्याची कारणे निराळी: आनुवंशिकता, बाळंतपण, दीर्घ ताप, लोहाची कमतरता, थायरॉइड. त्यांवर साध्या शाम्पूचा इलाज नाही. मुळात दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे हे निरोगी डोक्याचेच लक्षण आहे. ही साधी गोष्ट ज्या मुलीला कोणी सांगितली नाही, ती फणीतले केस पाहून घाबरते आणि ती चांदणी न वाचता दुकानात जाते.

येथे ‘नैसर्गिक’वादी मंडळी सरसावतील. ‘म्हणूनच आम्ही सांगतो, केमिकल नको, आपली शिकेकाई बरी!’ त्यांच्याशीही आमचे भांडण आहे. शिकेकाई आणि रिठा मळ काढतात ते त्यांतल्या सॅपोनिन या रसायनांमुळे. पाणी हेही रसायनच. तेव्हा ‘केमिकल-फ्री’ या शब्दाला अर्थ नाही, केवळ धाक आहे. शिकेकाई मळ काढते यात शंका नाही. पण तिची भुकटी केसांत अडकते, डोळ्यांत गेली की झोंबते, आणि केवळ आजीने वापरली म्हणून ती प्रत्येक डोक्याला मानवेलच असे नाही. उलट अंगाचा साबण डोक्याला लावणे मात्र खरोखर वाईट. साबणाचा सामू नऊ-दहाच्या घरात, डोक्याच्या त्वचेचा साडेपाचच्या आसपास. त्याने केस राठ होतात.

खोबरेल तेलाविषयीही तेच. आमच्या कोकणात त्याच्याविरुद्ध ब्र काढणे म्हणजे कुलदैवताची निंदा. त्याचा एक गुण प्रयोगाने दिसला आहे: २००३ साली ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात खोबरेल तेलाने केसातील प्रथिनांची झीज कमी होते, खनिज व सूर्यफूल तेलाने होत नाही, असे आढळले. हा अभ्यास मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांचा होता आणि ती कंपनी खोबरेल तेल विकते, हेही त्याच वाक्यात वाचले पाहिजे. निष्कर्ष त्यामुळे खोटा ठरत नाही. वाचकाने जागे राहावे इतकेच. मात्र हाच गुण कोंड्याला लागू करू नये. मॅलासेझिया नावाची बुरशी कोंड्याला कारण होते आणि ती स्निग्धावर जगते. तेलाने कोंडा ओला होऊन दिसेनासा होतो, जात नाही. त्यासाठी किटोकोनॅझोलसारखे औषध असलेला शाम्पू तीन ते पाच मिनिटे डोक्यावर ठेवून धुणे, आणि तरीही खाज वा चट्टे राहिले तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणे, हा मार्ग.

रत्नागिरीत या प्रश्नाला स्थानिक धारही आहे. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात केस दिवसभर सुकत नाहीत आणि सकाळच्या एसटीसाठी मुली ओले केसच घट्ट बांधून निघतात. वैशाखात खाडीकाठच्या विहिरींचे पाणी मचूळ होते. अशा हवेत कोणता शाम्पू घ्यावा हे मुंबईच्या जाहिरातीवरून ठरत नाही. आमच्या मते सूत्र एका ओळीत सांगता येते: शाम्पू डोक्याच्या त्वचेकडे पाहून निवडावा, कंडिशनर केसांच्या लांबीकडे पाहून. त्वचा तेलकट असेल, घाम फार येत असेल, तर सोडियम लॉरेथ सल्फेटसारखा जोरदार मळ काढणारा घटक चालतो आणि वारंवार न्हाणेही चालते. त्वचा कोरडी असेल वा केस रंगवलेले असतील तर सौम्य शाम्पू बरा. कंडिशनरमधील सेट्रिमोनियम क्लोराइडसारखे धनभारित घटक झिजलेल्या केसाच्या ऋणभारित पृष्ठभागाला चिकटतात, डायमेथिकोन त्यावर पातळ थर देते. म्हणून तो टोकांना लावावा, त्वचेला चोपडू नये. याला महागड्या बाटलीची गरज नाही. मागची यादी वाचण्याची आहे.

ती यादी वाचण्याची रीतही सोपी आहे. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. त्याखालचे कोणत्याही क्रमाने, पण शेवटी. पुढे भलाथोरला कांदा अथवा बदाम छापलेला असेल आणि मागे त्याचे नाव सुगंधद्रव्याच्याही नंतर येत असेल, तर तो कांदा बहुधा नांदीपुरताच आहे असे समजावे.

पण ही यादी सर्वांच्या हाती पडते काय? तमिळनाडूत कडलूर येथे चिन्नी कृष्णन यांनी शाम्पूच्या पुडीची कल्पना रुजवली आणि त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली सुरू केलेल्या व्यवसायातून ‘चिक’ची पुडी खेडोपाडी पोचवली. ज्यांना बाटली परवडत नव्हती त्यांच्या न्हाणीघरात शाम्पू आला तो पुडीतून, हे श्रेय नाकारू नये. परंतु सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांत साठ मिलिलिटरहून लहान द्रवपदार्थाच्या वेष्टनाला घटकांच्या यादीतून सूट आहे. म्हणजे बाटली घेणाऱ्या प्राध्यापकाला इंग्रजीत का होईना यादी मिळते. मिरकरवाड्याच्या टपरीवर पुडी घेणाऱ्या बाईला ती देण्याचे बंधनच नाही. तिच्या वाट्याला येते ते फक्त ‘पोषण’.

भाषेचे म्हणाल, तर आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार किंमत, परिमाण, उत्पादकाचे नाव इत्यादी मजकूर देवनागरी हिंदीत किंवा इंग्रजीत असला की पुरे. अन्य भाषेला मज्जाव नाही, सक्तीही नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आम्ही पेढे वाटले. दोन हजार वर्षांची परंपरा सांगणाऱ्या या भाषेला आपल्या माणसाने डोक्यावर काय ओतले ते सांगण्याचा अधिकार नसावा?

कोणी म्हणेल, लेबलावरच्या शब्दांना इतके महत्त्व का? सर्वोच्च न्यायालयाला विचारा. लहान बाटलीतले शुद्ध खोबरेल तेल खाद्यतेल की केशतेल, हा करविषयक वाद वर्षानुवर्षे चालला आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी निकाल लागला: केवळ बाटली लहान म्हणून ते केशतेल ठरत नाही, तसे लेबलावरून दिसले पाहिजे. तेव्हा खाद्यतेलावर ५ टक्के, केशतेलावर १८ टक्के कर होता. सप्टेंबर २०२५ मध्ये केशतेल व शाम्पूही ५ टक्क्यांत आले. तेल तेच, खोबरे तेच, मधले तेरा टक्के लेबलाचे! कंपन्यांना शब्दांचे मोल नेमके ठाऊक आहे. ते ठाऊक नाही असे वागतो ते आम्ही, शब्दांचे पगारी अभ्यासक.

रसायनांची नावे आंतरराष्ट्रीय आहेत, ती बदलली तर डॉक्टरांचा घोटाळा होईल, हा आक्षेप रास्त आहे. आम्ही ‘सोडियम लॉरेथ सल्फेट’ला संस्कृतप्रचुर पर्याय मागत नाही. नाव तेच ठेवा, देवनागरीत लिहा आणि शेजारी त्याचे काम दोन मराठी शब्दांत सांगा: मळ काढणारा, मऊ करणारा, टिकवणारा, वासाचा. पुडीवर जागा नसेल तर पुड्यांच्या माळेसोबत एक पत्रक दुकानात टांगा.

भाषेला हे जमेल का, ही शंका नको. इंग्रजीतला ‘शाम्पू’ हा शब्दच मुळी आपल्याकडच्या ‘चाँपो’वरून गेलेला. पाटण्याचे शेख दीन महोमेद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रायटनला स्नानगृह चालवले, तेव्हा त्याचा अर्थ होता अंग चेपणे. तो तिकडे केस धुण्यावर स्थिरावला आणि बाटलीत बसून परत आला. आमच्याजवळ मात्र त्याआधीपासून ‘न्हाणे’ होते. साध्या अंघोळीहून वेगळे, डोक्यावरून घेतलेले. इतकी बारीक छटा जपणारी भाषा मळ काढणाऱ्या घटकाला नाव देऊ शकत नाही, हे आम्ही मानत नाही.

राहता राहिले आमचे, अध्यापकांचे, कर्तव्य. व्यावहारिक मराठीच्या तासाला आपण जाहिरात लिहायला शिकवतो. वाचायला शिकवत नाही. दरवर्षी विद्यार्थी ‘रेशमी’, ‘घनदाट’, ‘तेजस्वी’ या विशेषणांची रांग लावतात आणि आपण त्यांना दहापैकी आठ गुण देतो. पुढच्या वेळी प्रश्न उलटा घाला. एक रिकामी बाटली वर्गात न्या आणि सांगा: पुढच्या मजकुरातील लक्षणेची स्थळे दाखवा, मागच्या यादीचे मराठीत विवरण करा आणि दोहोंतील विसंगती स्पष्ट करा. जो विद्यार्थी हे करील, त्याला मम्मट नीट कळला असे आम्ही समजू. आणि पुढे कोणी त्याच्या डोक्यावर वाटेल ते ओतू शकणार नाही.