सर्वस्व पणाला लावण्याचे गणित

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांसंबंधीचा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये संमत केला आणि एक जुना वाद एका फटकाऱ्यासरशी निकालात काढला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा प्रश्नच या कायद्याने अप्रस्तुत ठरविला. पैसे लावले की खेळ निषिद्ध. ज्या कसोटीवर सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये रमीला कौशल्याचा खेळ मानले, ती कसोटी पडद्यावरील खेळांपुरती तरी बाजूस सारली गेली. खेळ चालविणाऱ्या कंपन्यांची याविरुद्धची तक्रार अशी की, कौशल्याला जुगार म्हणता येणार नाही. या युक्तिवादात तथ्य नाही असे नव्हे. पोकरमधील एका प्रसंगाचे गणित मांडून पाहिले म्हणजे ते तथ्य किती आणि त्याची मर्यादा कोठे, हे दोन्ही कळून येते.

पोकरच्या प्रचलित प्रकारात प्रत्येकास दोन पत्ते झाकून मिळतात व पुढे पाच पत्ते सर्वांसाठी उघडले जातात. पत्ते पाहण्यापूर्वीच दोघा खेळाडूंना ठरावीक रक्कम सक्तीने लावावी लागते. समजा, ती अनुक्रमे 500 व 1,000 आहे. बाकीच्यांनी पत्ते टाकले आणि हे दोघेच उरले. 1,000 लावणाऱ्याजवळ ती रक्कम धरून एकूण 10,000 च आहेत, समोरच्याजवळ त्याहून पुष्कळ अधिक. अशा वेळी सामाईक पत्ते उघडण्यापूर्वीच, हातात काही विशेष नसतानाही, दुसरा खेळाडू प्रतिस्पर्ध्याचे सर्वस्व पणाला लागेल एवढी रक्कम पुढे सरकवतो. हा वेडेपणा वाटतो. वस्तुतः तो हिशेब असतो.

प्रतिस्पर्ध्याने पत्ते टाकले तर डावातील 1,500 विनासायास मिळतात. त्याने आव्हान स्वीकारले तर आणखी 9,500 घालून 20,000 च्या डावासाठी झुंजावे लागते. हातातील पत्ते जिंकण्याची शक्यता शेकडा 35 च धरली, तरी सरासरीने 7,000 परत येतात. म्हणजे तोटा 2,500 चा. यावरून समोरचा खेळाडू शंभरातील साडेबासष्ट वेळांहून अधिक माघार घेत असेल, तर वाईट पत्त्यांवरही ही चाल लाभाची ठरते. त्याच्याजवळ 5,000 च असतील, तर 40 वेळा माघार पुरते. 20,000 असतील, तर जवळजवळ 79 वेळा लागते. अर्थात, अल्प शिल्लक असलेला खेळाडूही हिशेब जाणतो. 10,000 असताना त्याला आव्हान स्वीकारण्यास शेकडा 45 शक्यता हवी असते, 5,000 असताना 40 पुरते, म्हणून तो अधिक सैल हाताने झुंजतो. समोरचा माणूस कितीदा माघार घेईल याचा हा अंदाज बांधणे, हेच ते कौशल्य. ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण निर्णय झाल्यावर पत्ते उलटायचे असतात. दोन एक्के हाती असलेला खेळाडू दोन राजांपुढेही सुमारे पाचांतून एकदा हरतो. पोकर हा नशिबाचा खेळ असल्याचे गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये म्हटले, तर मद्रास उच्च न्यायालयाने 2023 मध्ये त्याला नशिबाच्या खेळांच्या यादीतून वगळले. पहिल्याची नजर उलटणाऱ्या पत्त्यांवर होती, दुसऱ्याची निर्णयावर, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

खरा प्रश्न निराळाच आहे. वरील सारे हिशेब सरासरीचे आहेत, आणि सरासरी हजार डाव खेळू शकणाऱ्याच्या उपयोगी पडते. मोठी शिल्लक असलेला 10,000 हरून पुढचा डाव खेळतो. दुसऱ्याचा खेळ तेथेच संपतो. शिवाय टेबल चालविणारा डावातून वा प्रवेशशुल्कातून आपला वाटा काढून घेतो. त्यामुळे सर्व खेळाडूंची बेरीज नेहमी उणे असते आणि कौशल्याने फार तर ती उणीव कोणाच्या खिशातून जावी एवढेच ठरते. महिन्याच्या वीस तारखेस पगार संपलेला लिपिक किंवा घरून आलेल्या पैशांवर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी या टेबलावर बसला, की तो अल्प शिल्लकवालाच असतो. फरक इतकाच की, त्याच्या पुढ्यातील रक्कम खोलीचे भाडे असते.

या दृष्टीने कौशल्याची कसोटी सोडणे समर्थनीय आहे. खेळणाऱ्यास शिक्षा न करता चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड ठेवणे, हेही योग्यच. मात्र गोव्यात मांडवीच्या पात्रातील कॅसिनोंना हा कायदा लागू नाही. तेथे परवान्याने व कर भरून जुगार चालतो. जहाजावर जाण्यास प्रवास करावा लागतो आणि फोन उशाशी असतो, हा फरक खरा आहे. तथापि हानी हाच निकष असेल, तर त्या जहाजांवर पैसे घालविणाऱ्याची हानी कोणत्या हिशेबाने कमी मानली, याचे उत्तर कायदा करणाऱ्यांनी दिलेले नाही. महाराष्ट्राने 1976 चा आपला कधीच अंमलात न आलेला कॅसिनो कायदा रद्द करण्याचे 2023 मध्ये ठरविले, तेव्हा निदान आपल्यापुरते तरी हे उत्तर दिले होते.